भरमूचं मशीन आणि क्षमाचा अर्धा चहा

क्षमाला खोटं बोलता येत नाही असं आमच्या पेठेत सगळे म्हणतात. ते खरं नाही. येतं की. लहानपणी ती पुष्कळदा बोलली आहे. फक्त तिचं खोटं उशिरा येतं. "डबा खाल्लास का?" असं विचारलं आणि डबा खरंच खाल्लेला असला, तर माझा प्रश्न संपायच्या आतच तिचं 'हो' आलेलं असायचं. डबा तसाच परत आणलेला असला तरी 'हो'च यायचं, पण मध्ये एक श्वास जायचा. तेवढ्यावरून मला कळायचं. मी कधी दप्तर उघडून बघितलं नाही, आणि मला कसं कळतं हे तिला सांगितलंही नाही.

आम्ही सदलग्याचे. पुढे ह्यांचं खताचं आणि बियाणांचं दुकान, मागे घर. क्षमा एकुलती एक. मधल्या खोलीत अभ्यासाला बसली की तिचे कान स्वयंपाकघरात असायचे. मी फळीवरून कुठला डबा काढला हे ती झाकणाच्या आवाजावरून ओळखायची. "आई, रवा काढलास. कोण येणार हाय?" असं आतूनच ओरडायची. हे हसायचे. "आपल्या घरात चोरी करायची सोय न्हाय बघ," म्हणायचे.

ती बेळगावात पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, होती तेव्हाची गोष्ट. वसतिगृहात राहायची. एका संध्याकाळी मी फोन केला, इकडचं तिकडचं बोलले आणि शेवटी विचारलं, "बरी आहेस ना गं?" ती "हो" म्हणाली. पण तो एक श्वास मध्ये गेला होता. मी ह्यांना काही बोलले नाही. सकाळच्या पहिल्या गाडीनं चिकोडी, तिथून बेळगाव. खोलीतल्या मुली सुटीला घरी गेल्या होत्या आणि ही तापानं फणफणून एकटी पडली होती. डेंग्यू निघाला. आणखी एक दिवस असाच गेला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. हे धावत आले तेव्हा पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "तुला कुणी फोन केलता?" कुणी नाही, म्हटलं. एवढ्या वर्षांत त्याचं खरं उत्तर मी दिलेलं नाही.

इंजिनिअर झाल्यावर तिला बेळगावातच काम मिळालं. कॅम्पात एका जुन्या बंगल्याच्या मागच्या खोल्यांत त्यांचं ऑफिस आहे. थोडीशी पोरं, पण सगळी तिच्यासारखीच, जेवणाची शुद्ध नसलेली. फोनमध्ये, कॉम्प्युटरमध्ये, बँकेच्या यंत्रांमध्ये जो प्रोसेसर असतो, म्हणजे त्या यंत्राचं डोकं, त्यातून कुणाला गुपित चोरता येईल का हे ते तपासतात. यंत्र बनवणारेच त्यांना तसं काम देतात. समोरच्या गिरणीच्या राजाबाईनं हे ऐकलं आणि दळणाचा डबा खाली ठेवून विचारलं, "म्हंजे तू पोलिसात हायस का चोरात?"

"दोन्हीच्या मधी, मावशी," क्षमा म्हणाली.

मला मात्र नीट समजून घ्यायचं होतं. लेक दिवसभर काय करते हे आईला सांगता येऊ नये, याचं वाईट वाटायचं. एका रविवारी ती ओट्याला टेकून उभी होती तेव्हा मी विचारलं. तिनं उलट मलाच प्रश्न केला.

"पाहुणा दारात आला की तू काय करतीस?"

"चहा ठेवते."

"त्याला विचारायच्या आधी?"

"विचारत बसलं तर उशीर होतो."

"आणि तो नको म्हणाला तर?"

"ओतून टाकते. त्यात काय?"

"पातेलं गरम राहतंय की."

मग तिनं सांगितलं. प्रोसेसरलाही अशीच घाई असते. पुढे काय मागतील याचा अंदाज घेऊन तो काम आधीच करून ठेवतो. अंदाज चुकला तर केलेलं सगळं टाकून देतो, पुसून घेतो, जणू काही झालंच नाही. पण पातेलं गरम राहतं. कुठलं पातेलं गरम आहे हे बघून, बिनसाखरेचा चहा ठेवला होता की साखरेचा, म्हणजे दारात कोण आलं होतं, हे ओळखता येतं. मी म्हटलं, यंत्राला हात लावून बघता की काय? ती हसली. ऊब म्हणजे वेळ, म्हणाली. साखरेचा डबा ओट्यावरच राहिलेला असला तर पुढचा चहा लवकर होतो; फळीवर परत गेलेला असला तर उशीर लागतो. आपण नुसतं किती वेळ लागला ते मोजायचं. कपाट फोडायचं नाही, कुलपाला हात लावायचा नाही. कुणाला पत्ताही लागत नाही.

 मला डब्याचं 'हो' आठवलं. जे मी पंचवीस वर्षं फुकट करत आले, तेच ही पगार घेऊन करत होती.

यंदाच्या उन्हाळ्यानंतर ती बदलली. घरी आली की फोन पालथा ठेवायची. तिच्या बोलण्यात ओमकार नावाचा एक मुलगा यायचा, खानापूरकडचा, तिच्याबरोबर काम करणारा. मी सहज विचारलं, ओमकार काय म्हणतो? उत्तर यायला दोन श्वास लागले. मी समजायचं ते समजले. मुलगा आपल्यातला नाही, ह्यांना कसं सांगायचं, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, लोक काय म्हणतील, सगळी जुळवाजुळव मी मनात करून टाकली. राजाबाईला तर माझ्या तोंडाकडे बघूनच वास लागला. "खानापूरला मिठाई बरी मिळती का गं?" असं तिनं एकदा मला विचारलं.

शेवटी मीच विषय काढला, तर क्षमा पोट धरून हसली. "आई, त्याचं लग्न झालंय. त्याच्या बायकोनं मला लोणच्याची बरणी दिलीय." हसणं संपल्यावर तिनं आम्हा दोघांना बसवून सांगितलं. तिला आणि ओमकारला एका प्रोसेसरमध्ये एक भेग सापडली होती. कुठल्या, ते विचारायचं नाही. बनवणाऱ्यांना कळवलं होतं. त्यांची दुरुस्ती तयार होऊन यंत्रायंत्रात पोचायला दिवाळी उजाडणार होती. तोवर एक शब्दही बाहेर जायचा नाही, असं दोघांनी सही करून दिलं होतं.

"आणि गेला तर?" मी विचारलं.

"तर दुरुस्तीच्या आधी चोर पोचतील. आणि आमच्या ऑफिसला परत कोण काम देणार? आमच्याकडं दुसरं काय हाय, तोंड बंद ठेवतो एवढंच."

ह्यांनी मान हलवली. "ह्या घरातनं शब्द जाणार न्हाय," म्हणाले. ह्यांचा शब्द पेठेत चालतो. कुणाच्या शेतात कुठलं बियाणं फसलं, कुणाचं औषध उधार गेलं, कधी ओठाबाहेर आलेलं नाही. म्हणून तर लोक दुकानात येऊन ह्यांच्याकडे बघून ठरवतात. भूपालअण्णा कुठलं बी स्वतःच्या रानात टाकतात, ते बघायचं आणि तेच न्यायचं.

भाद्रपदात दशलक्षण पर्वाला क्षमा दहा दिवस घरी आली. मी आणि हे एकाशन, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण, करत होतो. तिला ते झेपत नाही, तिला चहा लागतोच. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात कप घेऊन बसली होती आणि भरमू आला.

भरमू हा पेठेतल्या सोसायटीचा, म्हणजे पतसंस्थेचा, पिग्मी गोळा करणारा. रोज दुकानोदुकान फिरायचं, जो काय रोजचा बचतीचा पैसा असेल तो घ्यायचा, हातातल्या मशीनवर दाबायचं, की पावतीची चिठ्ठी बाहेर. त्या गोळा केलेल्यावर त्याला सोसायटी कमिशन देते, त्यावर त्याचं घर. गेली कितीतरी वर्षं तो आमच्याकडे येतो. ह्यांचे वडील गेले त्या दिवशीसुद्धा हे त्याला परत पाठवायला विसरले आणि सवयीनं पैसे देऊन मोकळे झाले होते.

त्यानं मशीन काउंटरवर ठेवलं. नवीन होतं, मोबाईलसारखं काचेचं तोंड असलेलं. क्षमा म्हणाली, नवीन घेतलंसा मामा?

"सोसायटीनं दिलं. दुसरी बायको म्हण. सारखी चार्जिंग मागती. दुपारी जेवायला जाताना मोबाईल दुरुस्तीवाल्याच्या दुकानात तिला माहेराला सोडतो आणि मग घरी जातो."

आम्ही सगळे हसलो. क्षमानं मशीन हातात घेतलं, उलटं केलं, मागचं लेबल वाचलं, आणि हळूच परत ठेवलं. मग उठून आत गेली. एवढंच झालं. ती काही बोलली नाही, तिचा चेहराही पडला नव्हता. मी आत गेले तर ती कपाट उघडून कपडे नीट लावत होती.

दुसऱ्या दिवशी भरमू आला, तेव्हा हे म्हणाले, "भरमू, थोडं दिवस थांबूया. पर्व झाल्यावर बघू."

भरमू जरा उभा राहिला. बरं म्हणाला. समोर राजाबाईच्या गिरणीत गेला. गिरण चालू असली की तिथे ओरडूनच बोलावं लागतं, त्यामुळे मला ऐकू आलं. अण्णांनी पिग्मी थांबवली, पैल्यांदाच, असं तो सांगत होता. त्याला नुसतं वाईट वाटलं होतं. पण राजाबाईनं पट्टा बंद केला. गिरणीचा आवाज मधेच थांबला तशी मी दाराशी आले.

राजाबाईची बुद्धी मी जाणून आहे. भूपालअण्णा थांबले. अण्णांच्या हातात पैसा नाही असं नाही, कालच खताचा ट्रक उतरला. मग का थांबले? पोरगी घरी आली आहे. पोरगी मशीनमधल्या चोरीचं बघते. पोरगीनं काल मशीन हातात घेतलं होतं, भरमूनंच सांगितलं. दळण आणायला आलेल्या बायकांपुढे तिनं यातलं किती बोललं कुणास ठाऊक. तिनंही त्या दिवशी भरमूला रिकामं पाठवलं, आणि तिच्याकडे बघून शेजारच्या दोघींनी. पर्वाचे दिवस, सगळे बस्तीत रोज भेटायचे. कुणी मोठ्यानं काही म्हणत नव्हतं. फक्त भरमू दिसला की बायका पदर सावरून आत जायच्या.

सोमवारी सोसायटीच्या पायऱ्यांवर माणसं बसलेली दिसली. दुपारपर्यंत ती रस्त्यावर आली. कुणाला लेकीच्या बाळंतपणासाठी, कुणाला बोअरसाठी, सगळ्यांना त्याच दिवशी आपापले पैसे काढायचे होते. मशीनमध्ये घोळ आहे, असं सकाळी लोक म्हणत होते. संध्याकाळी सोसायटीतच घोळ आहे, असं म्हणायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमन स्वतः आमच्या घरी आले. वयस्कर माणूस, सत्तरी ओलांडलेला. मागे भरमू. त्याचा सदरा घामानं भिजला होता आणि मशीन त्यानं पिशवीत घालून पोटाशी धरलं होतं. कट्ट्यावर राजाबाई आणि आणखी दोघी येऊन उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत, गेल्याही नाहीत.

चेअरमननी पाणी घेतलं आणि क्षमाला म्हणाले, "बाळ, मी काय तुझं मोठं शास्त्र विचारत न्हाय. हे मशीन चांगलं हाय का वाईट? चांगलं असलं तर चांगलं म्हण. मी जातो आणि लोकांस्नी सांगतो, क्षमा म्हणती चांगलं हाय. लोक घरला जातील."

सगळे तिच्याकडे बघत होते. मी तिच्या तोंडाकडे बघत नव्हते. मी डोळे खाली घालून ऐकत होते. मला माहीत होतं काय होणार ते.

तो श्वास आला. मग ती म्हणाली, "काका, मला कुठल्याच मशीनबद्दल बोलायची परवानगी नाही. हे असू दे नाहीतर दुसरं असू दे. तसं लिहून दिलेलं आहे."

उत्तर चांगलं होतं. तिनं ते आधी घोकूनही ठेवलं असेल. पण ते उशिरा आलं, आणि कट्ट्यावर राजाबाईनं शेजारणीचा हात धरला. चेअरमननी तांब्या खाली ठेवला. "कळलं," एवढंच म्हणून उठले. भरमू मात्र बसूनच राहिला. त्यानं मला विचारलं, "आक्का, माझ्याकडनं काय चुकलंय का? चुकलं असंल तर सांगा. पैशाला मी कधी हात लावला न्हाय."

मी त्याला न्हाय रं बाबा म्हटलं. माझ्याच्यानं त्याच्याकडे बघवेना.

ते गेल्यावर क्षमा दुकानात गेली. हे पोत्यांवर काहीतरी लिहीत होते. ती म्हणाली, "आप्पा, मी तुम्हाला त्या मशीनबद्दल काय बोलले होते?"

"न्हाय."

"आईला बोलले होते?"

"न्हाय."

"मग पिग्मी का थांबवली?"

ह्यांनी खडू खाली ठेवला. "तू चहा अर्धा टाकून आत गेलीस," म्हणाले. "तू कधी चहा टाकत न्हाईस."

ती पोत्यावर बसली.  हे बिचारे गोंधळले. शब्द जाणार न्हाय म्हणाले होते आणि ह्यांनी शब्द पाळला होता. एक शब्द कुणाला सांगितला नव्हता. काय चुकलं तेच त्यांना कळत नव्हतं, आणि क्षमा त्यांना रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुमचं काही नाही आप्पा. पातेलं माझंच गरम राहिलं." ह्यांना पातेल्याचं काही माहीत नव्हतं. ते माझ्याकडे बघायला लागले.

त्या दुपारी माझं आणि तिचं भांडण झालं. तिला हे सगळं ऑफिसला कळवायचं होतं. आपल्याकडून बाहेर गेलं, कसं गेलं, कुठपर्यंत गेलं. मी म्हटलं, वेडी आहेस का? सदलग्याच्या पेठेत चार बायका काय कुजबुजतात हे तुमच्या ऑफिसात कोण ऐकायला बसलंय? तू सांगितलं नाहीस, कुणी विचारलं नाही, सही मोडलेली नाही. गप्प बस, दिवाळीपर्यंत सगळे विसरतील. नोकरी गेली तर? त्या ओमकारची गेली तर? मी हातसुद्धा जोडले. शिकलेली बाई मी, पण तेव्हा मला कुठलीही दुरुस्ती, कुठलेही चोर दिसत नव्हते. मला एकटी माझी पोरगी दिसत होती.

"आई," ती म्हणाली, "मी न सांगता पेठेला कळलं. तसंच त्यांनाही कळेल. तेव्हा मी गप्प बसले होते हेही कळेल."

तिनं लिहून पाठवलं. मग मला म्हणाली, यंत्रांना यावर जो इलाज करतात तो फार साधा असतो. उत्तर खरं असो नाहीतर खोटं, काम असो नाहीतर नसो, वेळ सारखाच लागला पाहिजे. बघणाऱ्याला फरकच दिसता कामा नये. यंत्र थोडं मंद होतं त्यानं, लोक कुरकुर करतात. पण त्याला दुसरा उपाय नाही.

दुसऱ्या दिवशी चारला ती दुकानात जाऊन बसली, चहाचा कप घेऊन. भरमू आमच्या दारावरून मान खाली घालून चालला होता. तिनं हाक मारली. पर्समधून पैसे काढले आणि म्हणाली, "मामा, माझंबी एक खातं काढा. रोज आप्पा भरतील." हे पोत्यांकडे तोंड करून उभे होते. "मी तुला काय विचारत न्हाय," म्हणाले, आणि त्यांनीही गल्ल्यातून काढून दिले. भरमूनं दोनदा चुकीचं बटण दाबलं. समोर गिरणीच्या दारात राजाबाई पिठाचे हात तसेच धरून उभी होती. क्षमानं चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि कप उपडा करून ठेवला.

दोन-तीन दिवसांत सोसायटीपुढची गर्दी ओसरली. राजाबाईनं परत पिग्मी चालू केली. मला मात्र चैन पडेना. मी क्षमाला विचारलं, "हे खोटं नव्हे का गं?"

"माझे पैसे खरेच आहेत."

"तुझे असतील. तुझं बघून ज्यांनी भरले त्यांचं काय?"

ती थांबली. एक श्वास नाही, दोन नाही, चांगली लांब थांबली. मग म्हणाली, असली चोरी करायची तर कुणाच्याही हातात कुठलंही यंत्र बराच वेळ निवांत असावं लागतं. एवढ्याशा पैशासाठी कोण बसतंय. माझ्या मनात दुपारचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आलं, टेबलावर चार्जिंगला लावलेलं भरमूचं मशीन आलं. तिच्याही मनात आलं असणार, कारण तिनं डोळे दुसरीकडे नेले. भरमूला नुसतं एवढं म्हणायचं होतं, मामा, तिथं ठेवू नका. पण तेवढं म्हटलं असतं तर संध्याकाळी पायऱ्यांवर परत माणसं बसली असती. दोघीही गप्प राहिलो. अजून गप्पच आहोत. बाजारातून येताना त्या दुकानावरून जावं लागतं. काचेतून मशीन दिसतं आणि मी पावलं न थांबवता पुढे येते.

पर्व संपल्यावर क्षमावाणीला आमच्यात सगळे एकमेकांची क्षमा मागतात, लहान-मोठा असं न बघता. क्षमा भरमूच्या घरी गेली आणि त्याच्या पायाशी वाकली. त्याला वाटलं सणाची रीत. "नावच क्षमा, आणि तूच मागायला लागलीस तर आमी काय मागावं?" म्हणाला, आणि तिच्या हातावर गूळ ठेवला. ती तशीच घरी आली, मूठ मिटून.

ऑफिसचं उत्तर आलं होतं. चौकशी होईपर्यंत तिनं आणि ओमकारनं त्या कामाला हात लावायचा नाही. ओमकारची तर यात काही चूकही नव्हती. बाकी पुढचं पुढे कळवू. ती बेळगावला परत गेली. रोज ऑफिसला जाते म्हणते, दुसरं किरकोळ काम करते म्हणते.

आता रोज चारला भरमू येतो. मी आतून पैसे आणून देते. पेठ बघत असते. मी लवकर आणले तरी बघते, उशिरा आणले तरी बघते. म्हणून मी हातातलं काहीही असो ते ठेवते, पाय धुऊन बस्तीत चालावं तशी शांत चालते आणि रोज तितक्याच वेळात देते. भरमू म्हणतो, आक्का, तुमचं घड्याळासारखं झालंय बघा.

आणि रोज संध्याकाळी मी क्षमाला फोन करते. आजही केला. जेवलीस का? हो. झोप लागते का? हो. ओमकार बोलतो ना तुझ्याशी? हो. ऑफिसचं काही कळलं? नाही अजून. बरी आहेस ना गं?

हो.

सगळी उत्तरं सारखी आली. कुठे घाई नाही, कुठे श्वास नाही. प्रत्येक प्रश्नानंतर तितकाच वेळ, आणि मग तेवढ्याच आवाजात उत्तर. मी मुद्दाम एक वेडगळ प्रश्न विचारला, सूर्य आज उगवला होता का तिकडे? त्यालाही तेवढाच वेळ लागला. "हो," म्हणाली. हसलीसुद्धा नाही.

तिनं शिकून घेतलं आहे. तिला वाटलं असेल पेठेपासून लपायला शिकून घेतलं. माझी वाट बंद झाली हे तिला माहीतच नाही, कारण ती वाट होती हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिला ताप असला तरी आता हो येईल, नोकरी गेली असली तरी हो येईल. वसतिगृहात त्या संध्याकाळी तिनं असं 'हो' म्हटलं असतं, तर मी पहिल्या गाडीनं निघाले नसते.

निघावं, असं आता वाटतं आहे. पण आज मला कुणी बोलावलेलं नाही, आणि ज्यावर निघायचं असा श्वासही आलेला नाही. फोन ठेवल्यावर मी शेंगदाण्याची चटणी कुटली, डब्यात भरली, पिशवी काढली. मग सुचलं. पहाटेच्या गाडीला मी पिशवी घेऊन उभी राहिले तर राजाबाई गिरण उघडायला त्याच वेळेला येते. अण्णांची प्रेमला घाईनं बेळगावला गेली, का गेली? दुपारपर्यंत तिनं पट्टा बंद केलेला असेल.

पिशवी परत खुंटीला लावली आहे. चटणीचा डबा फळीवर ठेवला, झाकणाचा आवाज न करता. उद्या चारला भरमू येईल. त्याला रोजच्याइतक्याच वेळात पैसे देईन. पावती घडी करून डब्यात टाकीन. मग रिकाम्या हातानं, बस्तीला जाते तशी, अनवाणी नाही पण साध्या चपला घालून बाहेर पडेन, राजाबाईला जाते गं म्हणेन, आणि बस्तीच्या कोपऱ्यावरून वळून चिकोडीच्या गाडीत बसेन.